सात नंबरची भिंत

१

दार आतून बंद होतं आणि आत माणूस नव्हता.

कुकडीकाठच्या गिरणीत लोकर पिंजायला येणाऱ्या बायांनी आधी कडी वाजवली, मग हाका मारल्या, मग शिव्या घातल्या. रखवालदार बहिरू झोपाळू म्हणून साऱ्या जुन्नरला माहीत होता. पण एवढ्या गलबल्यातही आतून हूं की चूं नाही. शेवटी नवसू धनगर आणि यमाजी विणकर यांनी ओंडका घेऊन धडका दिल्या, तेव्हा आतला अडसर कडकन मोडला.

आत बहिरूची घोंगडी होती, विझलेला कंदील होता. मागच्या भिंतीशी लोकरीचा ढीग होता आणि ढिगाच्या पायथ्याशी बहिरूचं मुंडासं पडलं होतं, रक्ताने माखलेलं. शेजारी मेंढ्या भादरायची कातर. तिची दोन्ही पाती लाल झाली होती.

"ही तर नवसूची कातर," यमाजी म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला जीभ चावावीशी वाटली असेल, पण शब्द सगळ्यांनी ऐकला होता.

नवसू तसा मुलखाचा अबोल. पण दोनच दिवसांपूर्वी बहिरूने त्याचं कुत्रं काठीने ठार मारलं, तेव्हा तो दहा माणसांदेखत ओरडला होता, "तुजं रगत काढीन!" आयुष्यात एकदा मोठ्याने बोलला तो नेमकं हेच बोलला.

दुपारी हौशीराम जमादार आले. त्यांनी दार पाहिलं, खिडक्यांचे गज हलवून पाहिले आणि वर कौलांकडे बोट केलं. "कौलं काढून उतरला, कौलं काढून ग्येला. धनगर माणूस, कड्यावर चढतोय. मढं टाकलं असंल नदीत." वैशाखात कुकडीला घोट्याएवढं पाणी असतं, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

नवसूच्या हाताला दोरी लागली. तो लोकरीच्या ढिगाशी उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहून एवढंच म्हणाला, "आये, म्या न्हाई."

सखूबाईचा हा एकुलता एक. ती तिथंच खाली बसली. लोकर निवडण्यात जन्म गेलेले हात. ते आपोआप रक्ताच्या लोकरीकडे गेले. डाग वाळला होता, पण त्याच्या कडा पिवळट होत्या. लोकरीत एक जळका बिब्बा चिकटला होता. का ते तिलाही कळलं नाही, पण तिने तो बिब्बा कनवटीला लावला.

२

या गिरणीत सखूबाई चार जन्म जगली होती. घरची मेंढरं रोगात गेली तेव्हा नऊ वर्षांची पोर इथं कामाला लागली. तेव्हा ही कागदाची गिरणी होती. पाटाच्या पाण्यावर चाक फिरायचं, हौदात चिंध्यांचा लगदा घोळायचा आणि सखू ओले ताव भिंतीवर वाळत लावायची. मग मुंबईहून स्वस्त कागद आला आणि चाक थांबलं. मोठ्या दुष्काळात इथंच सरकारी धान्य साठवलं, कढया चढल्या. सखूबाईने हाडाच्या सापळ्यांना पळीने आंबील वाढली. त्यानंतर तीन वर्षांनी प्लेगचं इस्पितळ झालं. हौदांवर फळ्या टाकल्या, खिडक्यांना गज बसवले, खाटा मांडल्या आणि प्रत्येक खाटेच्या वर भिंतीवर डांबराने नंबर घातले. सखूबाई तेव्हा रोग्यांची उस्तवार करायची. शंभरावर माणसं आत आली. चालत बाहेर गेलेली हाताच्या बोटांवर मोजावीत.

पुढे नेमीचंद शेटने जागा घेतली. त्याने पूजा घातली, दोनदा चुना मारला आणि लोकर भरली. नंबर चुन्याखाली गेले, पण लोकांच्या मनातून गेले नाहीत. दिवेलागणीनंतर गिरणीच्या अंगाने कुणी जात नसे.

बहिरू नाहीसा झाल्याच्या पाचव्या दिवशी हिराई नावाची पिंजारी बाई भर सकाळी किंचाळली. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, लोकरीच्या ढिगाच्या वर, काळपट सात उमटला होता.

काल तो नव्हता. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं.

"सात नंबरच्या खाटंवर बहिरूची पोर मेली व्हती," हिराई म्हणाली. "रतन. आट वरसांची. तिनंच बापाला न्हेलं."

तेवढ्यात कुठून तरी, भिंतीतून की जमिनीतून कळेना, कण्हण्याचा आवाज आला. बारीक, लांबलेला. बायांनी टोपल्या टाकल्या आणि पळाल्या. त्या दिवसापासून गिरणीत पाखरू फिरकेना.

सखूबाईही पळाली. खोटं कशाला सांगा, सगळ्यांच्या पुढे पळाली. रतन त्या खाटेवर कशी पोचली हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि गेली सहा वर्षं ती आठवण आली की ती भरल्या ताटावरून उठत असे.

चावडीत जमादार म्हणाले, "म्हातारे, भुताला बेड्या घालायचा हुकूम माझ्याकडं न्हाई. नवसूला धाव्या दिवशी सकाळी पुन्याला धाडनार. पुढचं साहेब बगतील." पुढचं म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती. खुनाला फाशी, हे मेंढरांमागचं पोरही जाणतं.

३

आठव्या दिवशी सखूबाई नेमीचंद शेटच्या ओट्याशी जाऊन बसली. लोक कुजबुजत होते की बहिरूला शेटनेच गायब केलं. शेटने त्याला गिरणी सोडून जायला सांगितलं होतं, हे तर खरंच होतं.

"सांगितलं, हो सांगितलं!" नेमीचंद कळवळून म्हणाला. त्याचे आजोबा मारवाडातून आले, पण तो जुन्नरचाच. "माझ्या जागेत त्यानं मुकं जनावर मारलं, सखूबाई. मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आणि कशासाठी मारलं? कुत्र्यानं तोंडात उंदीर धरला होता! उंदरासाठी कुणी कुत्रं मारतं का?"

पाणी गाळून पिणारा, मुंगीला वाट देणारा हा माणूस कातर कुठं धरायची हेही जाणत नव्हता. सखूबाईने त्याचं नाव मनातून पुसलं.

"बहिरूच्या साळुबाईचं तरी बघतो आहोत," तो पुढे म्हणाला. "आमच्या घरची उगमबाई तिला रोज ओंजळभर तांदूळ देते. नवरा गेला, बिचारी भाकर खात नाही म्हणे."

यमाजी त्याच्या घरी मागावर बसला होता. त्याला रखवालदाराची जागा हवी होती, हे त्याने स्वतःच कबूल केलं. "पर आता फुकाट दिली तरी नगं, आक्का. त्या जागंत उंदीरसुदिक राह्यना झाल्यात. आदी किती खुडबुड असायची."

"बहिरूला शेवटचा कवा बगितलास?"

"आदल्या सांजंला. पाय फाकवून चालत व्हता. म्हनलं, काय झालं? तर म्हनला, काटा मोडलाय."

"कंच्या पायात?"

यमाजी मागाचा धोटा हातात धरून थांबला. "ते काय त्यानं सांगितलं न्हाई. पर आक्का, पावलं तर दोनी सरळ टाकत व्हता."

सखूबाई उठली. वैशाखाचं ऊन डोक्यावर घेऊन ती चालू लागली. पाय फाकवून चालणारी माणसं तिने या गावात पुष्कळ पाहिली होती, आणि त्यातल्या एकालाही काटा मोडला नव्हता.

४

नवव्या दिवशी सकाळी साळुबाईच्या खोपटात आळीतल्या म्हाताऱ्या जमल्या होत्या. उद्या दहावा. मढं सापडलं नाही तरी रक्त सापडलं होतं, तेव्हा बांगड्या फोडून कुंकू पुसायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

साळुबाई भिंतीला टेकून, अंगाभोवती घोंगडी लपेटून बसली होती. तिने मुठी घट्ट आवळल्या. "हात लावाल तर चावीन," ती म्हणाली. म्हाताऱ्या बडबडत निघून गेल्या.

सखूबाई मागे राहिली. तिची नजर खोपटभर फिरली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी आणून देतात. तशा भाकऱ्या आल्या होत्या. टोपलीत वाळून कडंग झाल्या होत्या. पण चूल ऊन होती आणि तिच्यावर पातेल्यात तांदळाची पेज होती. साळूच्या कपाळावर कुंकू ताजं होतं. लुगड्याचा काठ ओला होता, त्याला हिरवं शेवाळ लागलं होतं. नदी आटलेली असताना शेवाळ कुठलं?

"साळू," ती हलकेच म्हणाली, "ही पेज कुनाला?"

साळुबाईने डोळे वर केले. ते लाल होते. "तुला माझ्या घरात आनिक काय हुडकायचंय, सखूआक्का? मागं एकडाव हुडकलंस, तेवढं पुरं न्हाई झालं?"

सखूबाईने पेजेवरून नजर काढून घेतली.

सहा वर्षांपूर्वी प्लेगच्या झडतीत शिपाई याच खोपटात शिरले होते. जांघेत किंवा काखेत गाठ दिसली की माणूस उचलून न्यायचे, घरावरचं छप्पर उतरवायचे, कपडे जाळायचे. म्हणून लोक रोगी लपवत. साळूने तापाने फणफणलेली रतन कणगीत लपवली होती. शिपाई हात हलवत निघाले होते. पण बरोबर आलेल्या सखूबाईने कणगीकडे बोट दाखवलं. इस्पितळात पोर वाचेल असं तिला खरंच वाटलं होतं. रतन तिसऱ्या दिवशी गेली.

नातलगांना आत सोडत नसत. साळू दारापुढे माती खात लोळली, ते सखूबाईला बघवलं नाही. तेव्हा तिने साळूला एक गोष्ट दाखवली होती, जी कागदाच्या वेळची जुनी माणसं सोडली तर कुणाला ठाऊक नव्हती. जुनी माणसं तर केव्हाच मातीआड झाली होती. त्या गोष्टीमुळे आई दोनदा लेकीला भेटली.

ती गोष्ट आत्ता सखूबाईला आठवली आणि तिने दाराची चौकट धरली. बंद दाराच्या गिरणीतून बाहेर पडायची ती वाट होती.

५

तिथून ती थेट गिरणीत गेली. मोडकं दार ढकललं आणि रामाचं नाव घेत भिंतीपुढे उभी राहिली. सात आता अधिकच काळा दिसत होता. पण भूत असो नसो, आज पळायला तिला परवानगी नव्हती. उद्या सकाळी नवसू जाणार होता.

तिने तळवा भिंतीवर टेकला. भिंत ओली होती.

मग तिला सहाही दिसला, आठही दिसला, अंधूक. भ्यालेल्या बायांनी फक्त सात पाहिला होता. दिवाळीला भिंतींना चुना देणारी कुठलीही बाई सांगेल: चुना ओला असेतो त्याच्या आतलं दिसतं, वाळला की झाकतं. डांबराचे नंबर कुठं गेलेच नव्हते. भिंत भिजली म्हणून वर आले. आणि वैशाखात भिंत भिजली ती खालून. खाली कागदाचे दोन हौद होते. पाटाचं दार उचलून कुणीतरी त्यातल्या एकात पाणी घेतलं होतं.

लोकरीचा ढीग आपल्या हातांनी उपसायची तिची छाती होईना. ती नदीकडच्या बाजूला उतरली. हौदांचं मळकं पाणी ज्या मोरीतून नदीत जायचं, तिचं तोंड निरगुडीच्या झुडपांत होतं. झुडपं बाजूला वाकवलेली होती. चिखलात बाईमाणसाची पावलं उमटली होती, आत जाणारी आणि बाहेर येणारी, पुष्कळ वेळा.

सखूबाईने पदर खोचला, गुडघे टेकले आणि मोरीत शिरली. लहानपणी ती गाळ काढायला इथं खेळत खेळत शिरायची. आता दगड दोन्ही खांद्यांना घासत होते. वीस हात गेल्यावर उजेड संपला. पुढे टाकलेल्या तिच्या हाताला काहीतरी ऊन लागलं. माणसाचं पाऊल होतं.

पाऊल झटकन मागे ओढलं गेलं आणि अंधारातून पुरुषी आवाज आला, "साळू? लौकर आलीस?"

६

बहिरू हडकला होता, पण जिवंत होता. कोरड्या हौदात गवताच्या अंथरुणावर भिंतीला टेकून बसला होता. उजव्या जांघेला चिंधी बांधलेली होती. तापाला गारवा म्हणून घेतलेलं पाणी शेजारच्या हौदात झुळझुळत होतं; त्याच्या गारव्याने ती जागा उन्हाळ्याची वाटत नव्हती. त्याने पेटवलेल्या दिवटीच्या उजेडात सखूबाईला पाहून तो लहान पोरासारखा रडायला लागला.

मागून मोरीत खसफस झाली. पेजेचं गाडगं घेऊन साळुबाई आली आणि सखूबाईला बघून जागच्या जागी थिजली.

"बस," सखूबाई म्हणाली. "समदं कळलंय मला. गिरनीत उंदीर पडाया लागलं. कुत्र्यानं एक तोंडात धरून भाईर आनला. लोकांनी बगितला आसता तर झडती आली आसती, म्हनून ह्यानं कुत्रं मारलं. सांजंला ह्यो पाय फाकवून चालाय लागला, तो काट्यानं न्हाई, गाठीनं. तू भाकर घिऊन आलीस, ह्याला बगितलंस, अडसर घातलास. बिब्ब्यानं गाठ डागलीस, नवसूच्या हितं ऱ्हायलेल्या कातरीनं फोडलीस. लोकरीवर नुसतं रगत नव्हतं, पू व्हता. मग फळी उचलून ह्याला हितं उतरवलंस. वर ढिगाची लोकर आपसूक घसरली."

साळुबाईने गाडगं खाली ठेवलं.

"ही वाट दोनच बायांना ठावं. एक मी. दुसरी, जिला मी दावली ती."

"मग जा की!" साळुबाई एकदम फुटली. "जा, दाव बोट! तुजी सवयच हाय ती. तुज्या पोराला बांधलं तवा मला काय ग्वाड वाटलं? रोज म्हनायची, उद्या सांगीन, आज ह्याचा ताप उतरू दे. पर त्या पलेगाच्या छावनीत ह्यानं चार दिस काढलं नसतं, आक्का. माज्या रतननं न्हाई काढलं."

सखूबाईला वाटलं होतं, इथं आल्यावर ती हिच्या झिंज्या धरील. पण रतनचं नाव आलं आणि तिला स्वतःचंच बोट दिसलं, कणगीकडे धरलेलं. तिने साळूचा हात धरायला हात पुढे केला.

तो हात निखाऱ्यासारखा भाजत होता.

वैशाखात घोंगडी. लाल डोळे. सखूबाईने काही न विचारता साळूच्या काखेत बोटं घातली. गाठ होती.

"कवापासनं?" सखूबाईने विचारलं.

"काल सांजंपासनं," साळुबाई म्हणाली. "ह्यांना सांगू नगंस."

बहिरूने ते ऐकलं होतं.

७

दहाव्या दिवशी सकाळी नवसूला घेऊन शिपाई निघणार, एवढ्यात चावडीपुढे आरडाओरड झाली. ज्याचा दहावा घालायचा तो बहिरू काठी टेकत, पाय फाकवत, बाजारातून चालत आला. दोन म्हाताऱ्यांची दातखीळ बसली. सखूबाईने बजावल्याप्रमाणे तो दहा हात लांब उभा राहिला.

"जमादार, म्या मेलो न्हाई," तो म्हणाला. "गाठ आली व्हती. नवसूला सोडा. आन गिरनीकडं कुनी फिरकू नगा. माजी बायकू तितं हाय."

जमादारांनी टोपी काढून घाम पुसला. मग नवसूच्या दोऱ्या सोडायला सांगितलं आणि विचारलं, "तिला छावनीत हालवाया पायजे. तिच्यापाशी हाय कोन?"

"सखूआक्का हाय. ती म्हनती, ही गिरनी इस्पितळच व्हती, अजून चार दिस ऱ्हाऊ द्या. जबाबदारी तिची."

तिथं जायला छावणीचा एक माणूसही तयार झाला नसता, हे जमादार ओळखून होते. त्यांनी मान डोलावली.

नवसू धावतच सुटला. गिरणीचं दार लागलेलं होतं. मोडक्या अडसराच्या जागी आतून जुन्या चाकाचा दांडा आडवा घातला होता. त्याने दोन्ही हातांनी दार बडवलं. "आये! आये, मी सुटलो! दार उघड!"

आत पावलं आली आणि दाराच्या पलीकडे थांबली. "नवसू," सखूबाईचा आवाज आला, "दाराला टेकू नगंस. मागं सर."

"आये, भाईर ये."

"उगमबाईकडनं तांदूळ आन. पेज करून पायरीवर ठिवत जा आन लांब जाऊन बस. मग मी घीन."

"तुला गाठ न्हाई ना, आये?"

"अजून न्हाई," सखूबाई म्हणाली.

नवसू मागे सरून पायरीखालच्या धुळीत बसला. दहा दिवस चावडीत तो रडला नव्हता, तो आता हुंदके देऊन रडू लागला. सखूबाईने दाराला कपाळ लावून ते ऐकलं, मग ती मागच्या भिंतीकडे वळली.

भिंतीवरचा सात अजून ओला होता. पाटाचं दार तिने पहाटेच खाली केलं होतं. दोन-चार दिवसांत चुना वाळला की नंबर पुन्हा झाकले जाणार होते. साताच्या खाली लोकर अंथरून साळुबाईला निजवलं होतं. लेकीची जागा तिनेच मागून घेतली होती. हातात बांगड्या होत्या, कपाळाचं कुंकू घामाने पसरलं होतं.

"कोन व्हतं?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"माजा नवसू."

"सुटला?"

"सुटला."

"मग जा की त्याच्याकडं. हितं काय बसलीयास माज्यापाशी?"

सखूबाईने गाडगं जवळ ओढलं, पळी भरली आणि फुंकर घातली.

"पेज निवतीया," ती म्हणाली. "तोंड उघड."